रूथची वंशावळ : ‘परकी’ बाई कुठं दिसते, कुठं गळते?

जात पडताळणीसाठी आपल्यापैकी अनेकांनी वंशावळ लिहून दिलेली आहे. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील आणि मग आपण. आई कुठल्या गावची, आजी कुणाची लेक, हे त्या कागदाला सहसा लागत नाही. म्हणजे वंशावळ ही सगळ्या पूर्वजांची यादी नसते. कुणीतरी विचारलेल्या एका ठराविक प्रश्नाचं ते उत्तर असतं. वंशावळ साधन म्हणून वापरायची असेल तर हे आधी डोक्यात पक्कं हवं. उदाहरण म्हणून हिब्रू धर्मग्रंथातलं ‘रूथ’ हे पुस्तक घेऊ. अध्याय फक्त ४, वचनं ८५.

गोष्ट थोडक्यात अशी. दुष्काळामुळं बेथलेहेमची नामी नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते. तिथं नवरा मरतो, पुढं दोन्ही मुलंही मरतात. ती परत निघते तेव्हा तिची मवाबी सून रूथ तिची साथ सोडत नाही. पोटासाठी रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचते. मराठी बायबलात हाच शब्द आहे. आपल्या सावलीकडं धान कापल्यावर बांधीत पडलेल्या लोंब्या वेचतात ना, तेच काम. पुढं बवाज तिच्याशी लग्न करतो. त्यांचा मुलगा ओबेद, ओबेदचा इशाय आणि इशायचा दावीद. म्हणजे दावीद राजा एका परदेशी बाईचा पणतू!

आता अडचण बघा. अनुवाद या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात नियम आहे की मवाबी माणसानं दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. दावीद तर तिसऱ्याच पिढीतला. मग हे जमलं कसं?

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात धर्मपंडितांचं उत्तर सापडतं : बंदी मवाबी पुरुषांना आहे, बायकांना नाही. मूळ हिब्रू शब्द पुल्लिंगी आहे, हा त्यांचा आधार. इतिहासकार वेगळा प्रश्न विचारतात : हे पुस्तक लिहिलं कधी? एज्रा आणि नहेम्या या पुस्तकांत परदेशी बायकांशी झालेल्या लग्नांना कडाडून विरोध आहे. रूथ त्याच काळातलं असेल, तर ते त्या विरोधाला दिलेलं उत्तर ठरतं. पण काही अभ्यासक ते त्याआधीचं मानतात. त्यांच्या मते दावीदच्या घराण्याचा मवाबी संबंध लोकांना माहीत होता आणि तो सन्मानानं मांडायचा होता. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दावीद संकटकाळी आईवडिलांना मवाबच्या राजाकडं ठेवतो, ही नोंद इथं लक्षात घ्यावी. काळ बदलला की त्याच वंशावळीचा अर्थ बदलतो.

आता नावं कशी येतात ते बघू. ‘मवाबी रूथ’ असा उल्लेख पाच वेळा आहे. लग्न लागताना मात्र ती नुसती ‘रूथ’ होते. मूल झाल्यावर शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. आणि शेवटी पेरेसपासून दावीदपर्यंत दहा पिढ्यांची यादी येते, त्यात एकही बाई नाही. सगळी गोष्ट जिच्यावर उभी, तीच यादीतून गळते.

हा प्रश्न मराठी बोलणाऱ्यांच्याही वाट्याला आला. कोकणातले बेने इस्राएल म्हणजे तेल गाळणारे ‘शनिवार तेली’. गावावरून पेणकर, किहीमकर अशी आडनावं लावणारे ज्यू. त्यांच्यातही ‘गोरा’ आणि ‘काळा’ असा भेद होता. बाहेरच्या बाईपासून झालेल्या संततीचे वंशज ते ‘काळे’, अशी समजूत होती. यातले बरेच लोक इस्राएलला गेले. तिथं १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयानं लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्राएल वधूवरांची आई, आईची आई, अशी मागं जमेल तितकी चौकशी करावी. पूर्वजांनी परधर्मीयांशी लग्नं केली असतील आणि घटस्फोटाचे ज्यू नियम पाळले नसतील, अशा शंका त्यामागं होत्या. लोक चिडले. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं ठरवलं आणि सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं. शेकडो वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना लग्नाआधी आजीची आजी सिद्ध करायला सांगणं, यातला अपमान सांगायला नको.

गंमत बघा. रूथच्या यादीत आई लागत नाही, आणि इथं आईशिवाय काहीच चालत नाही. दोन्हीकडं नियम त्याचा, ज्याच्या हातात नोंदवही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना वंशावळ, कुळकथा किंवा गॅझेटियरमधली जमातीची नोंद समोर आली, तर ती खरी की खोटी यावरच थांबू नका. ती कुणी मागितली, कशासाठी लिहिली, त्यात कुणाला जागा नाही आणि ती नोंद कुणाला काय मिळवून देते, हे विचारा. यादीत नसलेली बाई बऱ्याचदा शेजारच्याच पानावर सापडते. रूथ तशीच सापडते, यादीच्या अगदी वरच्या ओळींत.