घरांतील हवा आणि वेल

पेण आणि रोहें येथील जुनीं कौलारू घरें आठवा. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वर निघून जाई, आणि ओटीवरून शिरलेला वारा परसदारीं बाहेर पडे. त्या जागीं आज गच्चीचीं घरें उभीं राहिलीं, खिडक्यांस कांचा लागल्या, आणि हवा कोंडली. तंबाखूचा धूर, पेट्रोलची वाफ यांतून बेंझिनसारखीं विषारी द्रव्यें घरांत शिरतात; क्लोरीन घातलेल्या ऊन पाण्यानें स्नान करतांना किंचित् क्लोरोफॉर्महि हवेंत मिसळतो. कोपऱ्यांत एक कुंडी ठेवली कीं हीं विषें नाहींशीं होतात, असा समज आहे. तो कितपत खरा?

या समजाचें मूळ जुनें आहे. 1771 सालीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यानें कांचपात्रांत मेणबत्ती विझेपर्यंत जाळली व त्या निकामी हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली. कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळली. हा गुण हिरव्या भागांचा असून त्यास सूर्यप्रकाश लागतो, हें 1779 सालीं यान इंगेनहाउस यानें दाखविलें. आमच्या रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनीं 1917 सालीं केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्राचें फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविलें, तोंवर हें ज्ञान पाठ्यपुस्तकांत स्थिर झालें होतें.

परंतु प्राणवायु देणें निराळें आणि विष पचविणें निराळें. 1989 सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेसाठीं बी. सी. वुल्व्हर्टन यांनीं बंद पेटींत झाडें ठेवून विषारी वायु घटतात असें दाखविलें, आणि कुंड्यांची कीर्ति पसरली. पुढें 2018 सालीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील स्टुअर्ट स्ट्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळीच युक्ति योजिली. सस्तन प्राण्यांच्या यकृतांत अशीं विषें फोडणारें एक प्रथिन असतें. तें घडविणारा सशाचा जनुक त्यांनीं आपल्या परिचयाच्या मनीप्लांटच्या वेलींत घातला. बंद पात्रांत तीन दिवसांत क्लोरोफॉर्म 82 टक्क्यांनीं, आणि आठ दिवसांत बेंझिन सुमारें 75 टक्क्यांनीं घटलें. साध्या वेलीपाशीं असा फरक दिसला नाहीं.

प्रयोग अपूर्व खरा. पण घर म्हणजे बंद पात्र नव्हे. त्या वेलीच्या पानांवर पंख्यानें हवा खेळवावी लागेल, असें संशोधकच सांगतात. शिवाय अशा वनस्पतींस आपल्या देशांत 1989 च्या नियमांप्रमाणें सरकारी परवानगी लागते. साध्या झाडांचा हिशेब 2019 सालीं प्रसिद्ध झाला: वाऱ्याच्या ये-जा इतकें काम व्हावयास दर चौरस मीटरास 10 ते 1000 झाडें हवींत!

म्हणून स्वयंपाकघरांतील गृहिणीनें काय, किंवा पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत रंग देणाऱ्या कारागिरानें काय, कुंडीच्या भरंवशावर दार लावून बसूं नये. शास्त्राची ती वेल उद्यां घरोघर येवो. तोंवर कुंडी शोभेसाठीं ठेवावी, आणि खिडकी आरोग्यासाठीं उघडावी.