घरी न आलेली गाणी

कोपरीच्या चाळीत शेजाऱ्यांकडे पाहिलेल्या ‘छायागीत’ची डीव्हीडी काढायची झाली तर? या प्रश्नाने मला कॉपीराइट कायद्यापर्यंत नेले. प्रक्षेपणाची परवानगी वेगळी, विक्रीची वेगळी. अमेरिकेत ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ मालिकेच्या 2007च्या डीव्हीडीत कित्येक मूळ गाणी बदलावी लागली. आपल्याकडे 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांवर, वेगळा करार नसल्यास, निर्मात्याचा हक्क मानला. 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनात वाटा दिला. शिवाय कराराच्या वेळी नसलेले माध्यम, स्पष्ट उल्लेखाविना, त्या करारात धरता येत नाही. हा न्याय उशिरा आला, पण योग्यच. मात्र जुन्या कार्यक्रमातल्या एकेका गाण्यासाठी नव्याने बोलणी करणार कोण? तोवर आमच्या पिढीच्या स्मृतीची भिस्त कुणाच्या तरी माळ्यावरच्या बुरशी धरलेल्या व्हीएचएस कॅसेटवर.