भगदाड बुजवणारी कागदी पट्टी

अमेरिकेतल्या घरात भिंतीआडचा नळ गळू लागला, की प्लंबर भिंतीला चौकोनी भोक पाडतो, गळती थांबवतो आणि चालू लागतो. भोक बुजवणं त्याच्या कामात येत नाही. विटांच्या भिंतींत वाढलेला आणि आता न्यू जर्सीत घर घेतलेला मराठी माणूस हे बघून चक्रावतो. भिंत काय, करवतीने कापायची?

हो. पण आधी असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिथे लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर गिलाव्याचे तीन थर चढवत आणि ते वाळेपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबत. पट्ट्यांच्या फटींतून मागे गेलेला गिलावाच सगळा थर धरून ठेवी. एका जागी हातोडा बसला, की हादऱ्याने शेजारचाही गिलावा सुटे.

१८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट यांनी कागदाच्या थरांमध्ये पीओपी भरलेल्या फळीचं पेटंट घेतलं. गणपतीच्या मूर्ती होतात तेच हे पीओपी, म्हणजे भाजून बरंचसं पाणी काढून टाकलेलं जिप्सम. मात्र सॅकेटची फळी म्हणजे भिंत नव्हे. लाकडी पट्ट्यांच्या जागी आलेला तो गिलाव्याचा आधार होता. १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्समने त्यांची कंपनी घेतली आणि पुढे १९१७ च्या सुमारास ‘शीटरॉक’ नावाची फळी बाजारात आणली. ही फळी स्वतःच भिंत झाली. आता गिलाव्याची गरजच उरली नाही.

उरला तो सांधा. दोन फळ्यांमधली रेघ सुरुवातीला वरून लाकडी पट्टी मारून झाकत. दिसायला ते बेताचंच. मग कागदी टेप आणि तिच्यावर पातळ लेप ही जोडी रुळली. कारागीर या लेपाला ‘मड’, म्हणजे चक्क चिखल म्हणतात. फळीच्या लांब कडाही किंचित उतरत्या करण्यात आल्या, म्हणजे टेप त्या खोलगटीत बसते आणि फुगवटा दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात कारागिरांचा तुटवडा पडला, नंतर लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनसारख्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या, आणि गिलावा मागे पडला.

भोक बुजवणं म्हणजे हाच सांधा पुन्हा करणं, फक्त जास्त अवघड. भोकाच्या आत लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवायच्या, त्यांवर तेवढ्याच जाडीचा तुकडा, मग टेप आणि मड. पण कापलेल्या कडेला उतार नसतो, त्यामुळे टेप वर येते. म्हणून प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद ओढत तो फुगवटा दूरवर पसरवावा लागतो. घाई करणाऱ्याचं ठिगळ तिरप्या उजेडात हमखास उघडं पडतं.

छोट्या भोकासाठी ‘कॅलिफोर्निया पॅच’ची युक्ती आहे: तुकडा मोठा कापायचा, कडेचं जिप्सम मागून मोडून काढायचं आणि दर्शनी कागद तेवढा राखायचा. तोच टेपचं काम करतो.

जुन्या घरात मात्र भोक पाडण्याआधीच थांबलेलं बरं. पूर्वी सांध्याच्या या लेपात फुप्फुसांना घातक असलेलं ॲस्बेस्टॉस मिसळत. अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा लेपांवर १९७७ मध्ये बंदी आली. त्याआधीची भिंत कापायची किंवा घासायची, तर पहिल्यांदा नमुना प्रयोगशाळेत जातो.