सायरस: युद्धातून आलेली भट्टी

मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गाने दक्षिणेला निघालो की घाटकोपर, चेंबूर मागे टाकून आपण ट्रॉम्बेच्या टेकडीपाशी येतो. तिच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला, सायरस ही अणुभट्टी होती. तिचे कूळ शोधत गेलो तर आपण थेट दुसऱ्या महायुद्धात पोहोचतो. १९४२ साली ब्रिटिश आणि कॅनेडियन शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा मॉंट्रियलला थाटली गेली. जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियम वापरून प्लुटोनियम मिळवायचे, ही तिची धडपड. तिच्या आराखड्यातून उभी राहिलेली ‘एनआरएक्स’ भट्टी कॅनडातल्या चॉक रिव्हरला सुरू झाली ती १९४७ मध्ये. तोवर अमेरिकेने स्वतःच्या भट्ट्यांतल्या प्लुटोनियमने नागासाकी जाळले होते.

पुढचे वळण विलक्षण आहे. २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचे आवाहन केले; जगातल्या अशा पहिल्या आवाहनांपैकी ते एक. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, त्यांच्याच सरकारने कॅनडाशी करार करून एनआरएक्सचेच भावंड ट्रॉम्बेला आणले. कोलंबो योजनेतली ही मदत. जड पाणी अमेरिकेचे. अट एवढीच, की वापर शांततेसाठी व्हावा. पण तो तसा होतो आहे का, हे पाहणारा कुणी नेमलाच नव्हता, आणि त्याच वर्षी भारतीय अणुकार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा आंतरराष्ट्रीय तपासणीच्या जाचक तरतुदींविरुद्ध हिरिरीने भांडत होते. श्रीमंत देशांची तपासणी कोण करणार, हा त्यांचा सवाल रास्तच होता. तरी माझ्या मते घोटाळ्याचे बीज इथेच पडले. १० जुलै १९६० ला सायरस सुरू झाली. १९६४ मध्ये शेजारच्या कारखान्यात तिच्या जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने अणुचाचणी केली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो अणुस्फोट झाला, त्यातले प्लुटोनियम सायरसचे होते. दिल्लीने त्याला ‘शांततामय’ म्हटले, कॅनडाने मदत तोडली आणि अणुपुरवठादार देशांचा गट जन्माला आला.

३१ डिसेंबर २०१० ला सायरस कायमची बंद झाली. अमेरिकेशी झालेल्या अणुकराराच्या वेळी भारताने तसे कबूल केले होते. तिच्याहून मोठी ‘ध्रुव’ १९८५ पासून त्याच आवारात आहे, आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर. अस्त्रांसाठीच्या प्लुटोनियमसारख्या द्रव्याचे उत्पादनच थांबवणारा करार व्हावा, असा ठराव १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला. भारत त्याचा सहप्रस्तावक होता. त्या कराराची बोलणी जिनिव्हात अजून मार्गी लागलेली नाहीत.