आजीला कळले असेल का?

मआमीरला ज्यांचे काम आहे त्यांना त्या भागाचे वर्णन करून सांगायला नको. पूर्व किनाऱ्यावरचे हे जुने गाव आता वर्कशॉप, गोदामे आणि टँकर यांनी वेढले आहे. जवळच तेलशुद्धीकरण कारखाना, त्यामुळे वारा फिरला की नाकाला लगेच कळते. अशा ठिकाणी रोज जाणारा आपला माणूस पगाराचा, रजेचा आणि मुलांच्या शाळेचा विचार करतो. मरणाचा विचार करायला त्याला सवड नसते. मलाही नव्हती. गेल्या वर्षी गावी आई गेली, तेव्हा ती काढावी लागली.

माझा पासपोर्ट त्याच आठवड्यात नूतनीकरणासाठी गेलेला होता, त्यामुळे मला निघता आले नाही. दहाव्याचे विधी दादाने नदीकाठी केले आणि आम्ही ते इथून फोनच्या पडद्यावर पाहिले. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. दादाने हात जोडून एकेक सांगून पाहिले : धाकट्याचे सगळे ठीक होईल, आंब्याचे झाड तोडणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही. झाडावर दोन कावळे होते, पण खाली एकही उतरला नाही. ऊन चढले तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. माझ्या शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, आजीला कळलं असेल का?"

मी इंजिनियर माणूस. काय उत्तर द्यावे ते सुचेना, म्हणून "नंतर सांगतो" म्हणालो. पुढच्या शुक्रवारी तिला घेऊन आलीला गेलो. नाव आपल्या कानाला क्रियापदासारखे वाटते खरे, पण हे कुंभारांचे प्रसिद्ध गाव आहे आणि त्याच्या घरांमधूनच चार हजार वर्षांपूर्वीची थडगी डोके वर काढून उभी आहेत. आपण सगळे त्यांच्यावरून गाडीने जातो. थांबून पाहणारे थोडे.

ही थडगी दिल्मुन संस्कृतीची आहेत. २०१९ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्या नोंदीत २१ स्थळे आणि ११,७७४ टेकड्या आहेत, आणि त्यांचा काळ इ. स. पूर्व २२०० ते १७५० असा धरला आहे. मुळात या टेकड्या याच्या कितीतरी पट होत्या. रस्ते आणि वसाहती होताना बहुतेक गेल्या. आज त्या मातीच्या ढिगासारख्या दिसतात, पण बांधल्या तेव्हा त्या दगडी, गोल, बुटक्या बुरुजांसारख्या होत्या. आलीच्या मोठ्या टेकड्या राजांच्या. तिथे सापडलेल्या दगडी भांड्यांच्या तुकड्यांवरील कोरीव लेखांतून यग्ली-एल हे एका राजाचे नावही आता कळले आहे.

आत काय सापडते? मधोमध दगडी खोली आणि तिच्यात बहुधा एकच माणूस, पाय दुमडून कुशीवर निजवलेला, हात चेहऱ्याजवळ. जवळ मातीचे भांडे, मेंढी-बकरीची हाडे, कुठे तांब्याची वस्तू, कुठे मुद्रा, क्वचित शहामृगाच्या अंड्याचा पेला. काही टेकड्यांच्या कडेला लहान मुलांची छोटी थडगी जोडलेली आहेत. बहुतेक थडगी चोरांनी फार पूर्वीच फोडली, तरी जेवण आणि पाणी बरोबर दिले होते एवढे स्पष्ट दिसते. ज्याला काहीच कळणार नाही, त्याच्यासाठी कोणी जेवण वाढत नाही.

१८७९ साली कॅप्टन ड्युरँड याने इथे उत्खनन केले. १९२५ मध्ये अर्नेस्ट मॅके आला. पुढे मोहेंजोदडोच्या उत्खननात नाव झालेला तो हाच. एवढ्याशा बेटावर इतकी थडगी पाहून या जुन्या संशोधकांना वाटे, की हे बेट म्हणजे निव्वळ स्मशान आणि मृत माणसे समुद्रापलीकडून इथे आणली जात असावीत. १९५३ पासून पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाने कलात अल-बहरैन येथे शहर आणि बार्बार येथे देऊळ उजेडात आणले आणि चित्र बदलले. मेलेली माणसे इथलीच होती. व्यापारी होती, सिंधू संस्कृतीची वजने वापरत होती. त्यांच्या पद्धतीची एक मुद्रा गुजरातेत लोथलला मिळाली आहे. म्हणजे आपला आणि या बेटाचा संबंध तेलापासून सुरू होत नाही.

दिल्मुनच्या लोकांनी मरणाविषयी काय मानले याचा ग्रंथ त्यांनी मागे ठेवलेला नाही. शेजारच्या मेसोपोटेमियाने ठेवला आहे. तिथल्या सुमेरी कथेत प्रलयातून वाचलेल्या झिउसुद्राला देवांनी अमरत्व देऊन दिल्मुनमध्ये ठेवले. गिल्गमेश राजाचा मित्र एन्किडू मेला, तेव्हा भेदरलेला राजा अमरत्व शोधत अशाच एका प्रलयातून वाचलेल्या म्हाताऱ्याकडे गेला. समुद्रतळाची संजीवनी त्याला मिळाली आणि वाटेत सापाने ती पळवली. महाकाव्याच्या बाराव्या मृत्पट्टीत मात्र वेगळीच हकीकत आहे. एन्किडूची छाया पाताळातून वर येते आणि राजा तिला विचारतो, तिथे कोणाची काय स्थिती आहे? उत्तर असे : ज्याला अधिक मुलगे, त्याची स्थिती बरी. ज्याच्यामागे अन्नपाणी देणारे कोणीच नाही, तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर फेकलेले तुकडे खातो. पिंडदान माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला हवे का? मृतांना नाव घेऊन अन्नपाणी देण्याचा मेसोपोटेमियात विधीच होता. त्याला 'किस्पु' म्हणत.

आपल्या घरचा पुरावाही आहे. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या मंडळींचे हे काम. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी आपल्या मृतांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मूल गेले तर दोन रांजणे तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून निजवत आणि त्याचे पाय घोट्याजवळ तोडत. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला, की गेलेल्याने चालत निघून जाऊ नये, घरातच राहावे. म्हणजे मेलेला माणूस चालू शकतो अशी त्यांची खात्री होती. आपला दादा नदीकाठी हात जोडून जे बोलत होता, ते त्याच खात्रीतून आलेले आहे.

पण ही खात्री म्हणजे पुरावा नव्हे. चार्वाकांनी तेव्हाच सांगितले होते, की जड पदार्थ आंबले की मद्याची धुंदी येते, तसे देहातून चैतन्य उपजते आणि देहाबरोबर संपते. कठोपनिषदातल्या नचिकेताने हाच प्रश्न यमाला विचारला, तर खुद्द यम त्याला हत्ती, घोडे, दीर्घायुष्य देऊ करून टाळू पाहतो. आधुनिक विज्ञानानेही प्रयत्न करून पाहिला. सॅम पार्निया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हृदयक्रिया बंद पडण्याच्या २,०६० घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती घेतल्या. रुग्णालयांत छताजवळ फळ्या लावून वर चित्रे ठेवली होती. देहाबाहेर गेलेल्याला ती दिसावीत ही कल्पना. एका रुग्णाने बेशुद्धीतले सांगितलेले पडताळता आले, पण तो होता तिथे फळीच नव्हती. शिवाय ही सगळी परत आलेली माणसे. जे परतले नाहीत त्यांची मुलाखत कोण घेणार?

मुलीला मी हे सगळे माझ्या परीने सांगितले. आजीला कळले का, ते मला माहीत नाही, असेही सांगितले. बापाने मुलीपाशी हे कबूल करणे सोपे नाही, पण खोटे सांगणे मला त्याहून अवघड वाटले. एवढे मात्र दिसले, की दिल्मुनच्या माणसाने भांडे ठेवले, इनामगावच्या आईने रांजण पुरले, दादाने आंब्याचे झाड राखायचे वचन दिले, आणि यांतल्या कोणालाही पोच मिळाली नाही. पोच नसतानाही ते केले. दादाने ते झाड अजून तोडलेले नाही. आईच्या जाणिवेचे काय झाले ते ठाऊक नाही, पण तिचा शब्द अजून त्या घरात चालतो, हे मी पाहिले आहे.

परवा वर्षश्राद्ध झाले. आपला गावकावळा जहाजांबरोबर आखातातही कधीच येऊन पोचला आहे. गच्चीवर पान ठेवले. मुलीने आजीचे नाव मोठ्याने घेतले आणि खाली उतरताना म्हणाली, "आपण थांबायचं का बघायला?"

"नको," मी म्हटले. "वाढलंय ना, ते पुरे."