उपस्थाता अथवा परिचारक : वैद्यकग्रंथांतील रुग्णसेवेचा विचार

वैद्यकाचीं जुनीं बाडें जमविणारे आपले संग्राहक काढे, भस्में व नाडीपरीक्षा यांचीं पानें उत्साहानें उतरून घेतात. रोग्याच्या उशाशीं बसणाऱ्या माणसाविषयीं ग्रंथकार काय म्हणतो, तिकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. डहाणू-तलासरीकडील एखादी मुलगी परिचर्या शिकावयास गेली म्हणजे तिला या विद्येचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सांगतात; त्यावर आपल्यांतील कोणी अभिमानी, 'हें सारें चरकांत आहेच' असें उत्तर देतो. दोन्ही विधानें ग्रंथाशीं ताडून पाहिलीं पाहिजेत.

चरकाच्या सूत्रस्थानांतील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद अध्यायांत चिकित्सेचे वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याचे गुणही चारच : उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शौच. सुश्रुत मात्र चौतिसाव्या अध्यायांत परिचारकास शेवटीं बसवितो व त्याचे गुण वाढवितो. तो स्नेहाळ असावा, किळस न मानणारा, बलवान्, रोग्यास जपण्यांत तत्पर, वैद्याचें वचन पाळणारा व न थकणारा असावा. किळस न मानणें हा गुण चरकाच्या चौकडींत नाहीं. पूं व रक्त रोज पाहणाऱ्या शल्यसंप्रदायासच तो सुचावा, हें स्वाभाविक आहे.

गुणांच्या यादीपेक्षां प्रत्यक्ष व्यवस्थेचीं स्थळें अधिक मोलाचीं आहेत. सुश्रुताचा व्रणितोपासनीय हा एकोणिसावा अध्याय संग्राहकांनीं अवश्य वाचावा. जखमी मनुष्याचें घर स्वच्छ, ऊन व वारा न लागणारें असावें. शय्या ऐसपैस व मऊ, उसें पूर्वेस. जवळ गोड बोलणारे मित्र असावेत, कारण त्यांच्या गोष्टींनीं वेदना हलकी होते. दिवसा निजूं देऊं नये. उठतांना, कूस पालटतांना व्रण सांभाळावा. नखें व केस कापलेले असावेत. नाइटिंगेलच्या १८५९ सालच्या पुस्तकांत पहिला मान शुद्ध हवेस आहे, तेव्हां सुश्रुताचें निवात घर तिच्या विरुद्ध जातें असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु चरक पंधराव्या अध्यायांत घर निवात असावें, तथापि त्याचा एक भाग वारा खेळेल असा असावा, असें सांगतो. आणि रोग्यास गारठा लागूं नये, हें नाइटिंगेलही बजावते. याच अध्यायांत भात-कढण शिजविणारे, न्हाऊं घालणारे, अंग रगडणारे, रोग्यास उठविणारे-बसविणारे व औषध वाटणारे असे निरनिराळे सेवक येतात. गाणारे व कथा सांगणारेही येतात.

इतकें असूनही अभिमान्यांचा पक्ष मला पुरा पटत नाहीं. कुंभारावांचून माती, दांडा व चाक जशीं व्यर्थ, तसे वैद्यावांचून इतर तीन पाद, असा चरकाचा दृष्टान्त आहे. म्हणजे परिचारक हें साधन ठरलें. वैद्याचें शिक्षण, गुरु व परीक्षा यांचा विचार ग्रंथांत विस्तारानें आहे. परिचारकास कोणी, किती दिवस, कसें शिकवावें याचा तसा विचार नाहीं. नाइटिंगेलनें १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत शाळा काढली, तिचें नावीन्य येथें आहे. आपल्याकडे १९०९ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांस ससून रुग्णालयांत हें शिक्षण मिळवून दिलें. परक्याची शुश्रूषा हलकी मानणाऱ्या समाजांत तें काम सोपें नव्हतें.

आतां डहाणूविषयीं. नासिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत दहानुका नदी येते. तिच्यावर, तसेंच पारदा, दमण, तापी इत्यादि नद्यांवर त्यानें पुण्यार्थ नावा ठेवल्या, आणि भरुकच्छ, शूर्पारक आदि ठिकाणीं धर्मशाळा बांधल्या. त्या दानांत रुग्णशाळा नाहीं. मनुष्यांच्या व पशूंच्या चिकित्सेविषयींचें अशोकाचें दुसरें शासन गिरनारास आहे. सोपाऱ्यास सांपडले ते आठव्या व नवव्या शासनांचे तुकडे. तेव्हां या लेखांच्या जोरावर आपल्या किनाऱ्यास प्राचीन रुग्णालय चिकटवूं नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चर्च ऑफ द ब्रेदरेन या अमेरिकन मिशननें डहाणूस रुग्णालय चालविलें व तेथें डॉ. बार्बरा निकी यांनीं काम केलें, हा इतिहास जवळचा आणि खरा आहे.

डहाणू, बोर्डी, उंबरगांव या बाजूस ज्यांच्या घरीं वैद्यकाचीं बाडें असतील त्यांनीं पथ्य, बाळंतिणीची खोली, व्रण बांधणें यांविषयींचीं पानें निराळीं उतरून मंडळाकडे धाडावीं. नुस्खे मागाहून आले तरी चालतील.