गुडघ्यातली चंद्रकोर

‘तुमच्या गुडघ्यातली गादी फाटलीय’ हे वाक्य आपल्यापैकी काहीजणींनी डॉक्टरांकडून ऐकलं असेल. ही गादी म्हणजे मेनिस्कस. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. आज त्यांचा इतिहास सांगते, कारण एके काळी मोठमोठ्या सर्जननी त्यांना बिनकामाचं ठरवलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन ब्लँड-सटन या इंग्रज सर्जननी लिहिलं, की गाद्या म्हणजे पायाच्या एका स्नायूचे उरलेले अवशेष. त्यांना काही काम नाही. त्याआधीच, १८८३ मध्ये, एडिंबरोच्या टॉमस अ‍ॅनंडेल यांनी सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली होती. पण ती वाट फार कुणी धरली नाही. गादी फाटली की काढून टाकायची, हीच रीत पडली. पेशंटही खूश असायचे. अडकलेला गुडघा मोकळा व्हायचा, माणूस कामाला लागायचा. पुढे दहा-वीस वर्षांनी गुडघा दुखू लागला, तर त्या जुन्या ऑपरेशनची आठवण कुणाला? ‘वय झालं’ म्हटलं की संपलं.

पहिला ठोस इशारा मिळाला तो कुत्र्यांच्या गुडघ्यांतून. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या डॉन किंग यांनी प्रयोग प्रसिद्ध केले. गादी काढलेल्या गुडघ्यात हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजत होती, आणि जितका मोठा तुकडा काढला तितकी झीज जास्त. दुसरी गोष्टही त्यांना दिसली. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथपर्यंत पोचलेली फाट भरून येते. फक्त आतल्या भागातली फाट भरत नाही.

१९४८ मध्ये इंग्लंडच्या फेअरबँक यांनी गादी काढलेल्या शंभराहून अधिक माणसांचे एक्स-रे तपासले. तिथेही हाडांमधली फट कमी झालेली, हाडाला कंगोरा आलेला, आणि हाडाचा गोलावा चपटा झालेला दिसला. गादी वजन पेलते, हे आता उघड होतं. तरी पुढची कित्येक वर्षं अख्खी गादी काढणं चालूच राहिलं. फायदा लगेच दिसतो, तोटा उशिरा. म्हणून सवय सुटत नाही.

पुढे १९७० नंतर ससे आणि कुत्रे, मग उंदीर, असे प्रयोग वाढले. २००७ मध्ये सोन्या ग्लासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गुडघ्यातली एक पद्धत मांडली. त्यात गादी काढतच नाहीत. तिला धरून ठेवणारा छोटा बंध तेवढा कापतात. गादी सरकते आणि चार ते आठ आठवड्यांत कूर्चा झिजू लागते. म्हणजे गादी असून भागत नाही, ती जागेवर हवी.

हे ज्ञान मुक्या जिवांच्या वेदनेतून आलं, हे विसरू नये. आणि चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचा गुडघा म्हणजे आपला गुडघा नव्हे, हेही खरं. म्हणून माणसांवरची तपासणी लागतेच. फिनलंडमध्ये झालेला असा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झिजून गादी फाटलेले, पण गुडघ्याचा संधिवात नसलेले १४६ जण त्यात होते. काहींचा फाटका भाग दुर्बिणीतून काढला, काहींचं नुसतं नावापुरतं ऑपरेशन केलं. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात लक्षणीय फरक नव्हता.

मग ऑपरेशन कधीच नको का? तसं नाही. गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा पडून-मुरगळून एकदम सुजला असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पण वर्षानुवर्षांच्या झिजेतून गादी फाटली असेल, तर होकार देण्याआधी विचारा: फाट कडेला आहे की आत? टाके घालता येतील का? आधी व्यायाम करून बघता येईल का? काढायचीच तर किती काढणार? कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आपण व्याजाचा दर विचारतोच ना? मग गुडघ्याच्या बाबतीत लाजायचं कशाला?